मण्यात पाणी उतरतं तेव्हा

चित्रासमोर चार-पाच शेतकरी उभे होते आणि त्यांच्यात वाद रंगला होता. एकाच्या मते बाग पंचावन्न दिवसांची. दुसऱ्याला ते पटत नव्हतं. मण्याची फुगवण बघता ती साठीच्या पुढे गेलेली आहे, असं तो ठासून सांगत होता. तिसऱ्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला, चित्राच्या अगदी जवळ गेला आणि म्हणाला, "थिनिंग उरकलंय, पण शेंडे मारायचे राहिलेत. पंचावन्नच." चित्रकार मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. शेवटी कुणीतरी त्यांच्याकडे वळून विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, "सत्तावन्न."

हे दिवस मोजायचे ते ऑक्टोबरच्या छाटणीपासून. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात बागेची विचारपूस करताना तारीख कुणी विचारत नाही, छाटणीला किती दिवस झाले ते विचारतात. गावच्या यात्रेच्या निमित्ताने शाळेच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधून, त्यांना चिमटे लावून टांगलेली ती जलरंगातली चित्रं होती. येणारा प्रत्येक जण आधी दिवस मोजत होता, मग रोग शोधत होता, आणि मग कुठे 'झकास काढलंय' म्हणत होता. मुंबईच्या कलादालनांमध्ये मी पुष्कळ प्रदर्शनं पाहिली आहेत. तिथे वॉशबद्दल, रचनेबद्दल, चित्रकाराच्या शैलीबद्दल बोललं जातं. पण चित्रातल्या वेलीचं वय दोन दिवसांच्या फरकाने ओळखू यावं, ही वास्तववादी चित्राची जी परीक्षा त्या शाळेच्या हॉलमध्ये चालली होती, तिच्याइतकी कडक परीक्षा मला दुसरी माहीत नाही.

गावात या चित्रकाराला सगळे नाना म्हणतात. लेखात याहून अधिक ओळख नको, ही त्यांची अट, आणि ती मी पाळते आहे. गाव दिंडोरी तालुक्यातलं, कादवेच्या काठचं. वय सत्तरीच्या थोडं अलीकडे, शिक्षण जुनी अकरावी, धंदा द्राक्षबागायतीचा. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेत असताना दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन सरकारी ग्रेड परीक्षा. इंटरमीजिएटला 'बी' ग्रेड मिळाली, ड्रॉइंगच्या मास्तरांनी नाशिकला कलानिकेतनमध्ये घालायचं सुचवलं, वडिलांनी बागेकडे बोट दाखवलं आणि विषय तिथेच संपला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं नानांनी ब्रश हातात धरला नाही.

तो धरायला लावला वाइनने. ती हकीकत सांगण्याआधी या भागाचा थोडा मागचा पट उलगडावा लागेल. नाशिकच्या द्राक्षांची सुरुवात ओझरला झाली असं मानतात. रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास तिथे खायच्या द्राक्षांची बाग उभी केली. पुढे थॉम्पसन सीडलेस आलं, मग तास-ए-गणेश, सोनाका, काळं शरद. निफाड, दिंडोरी, चांदवड हे तालुके द्राक्षांवर उभे राहिले. वाइन त्या मानाने अगदी अलीकडची. १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी तिचा पाया घातला. नव्वदच्या दशकात राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ वाइनच्या जातींची लागवड केली आणि २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क झाले. पाच-सात वर्षांत नाशिक जिल्ह्यात वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांशी करार होऊ लागले. नानांनीही एक एकर कॅबर्ने सॉव्हिन्यॉ लावलं.

मग २००८ ची जागतिक मंदी आली आणि नोव्हेंबरात मुंबईवरचा हल्ला झाला. हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप घसरला, टाक्या भरलेल्या राहिल्या. पुढच्या एक-दोन हंगामांत कित्येक वायनऱ्यांनी माल उचललाच नाही. वाइनचं द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया, खाणारा त्याला हात लावत नाही. २०१० च्या फेब्रुवारीत नानांच्या एकरभर बागेतले घड वेलीवरच सुकले. ज्यांच्याशी करार होता त्यांचा फोन लागत नव्हता. घरच्यांनी बसून ठरवलं की एप्रिलची छाटणी करायची नाही, बागेवर कुऱ्हाड चालवायची.

त्या काही आठवड्यांत नानांनी मुलीच्या दप्तरातला कॅमलचा रंगांचा डबा उचलला. फोटो का नाही काढले, असं मी विचारलं. काढले होते, पण त्या वेळच्या मोबाइलमध्ये कॅबर्नेचा घड म्हणजे नुसता काळा डाग यायचा. मण्यावर मेणाचा जो पांढुरका थर असतो, ज्यामुळे काळं द्राक्ष सकाळी निळसर दिसतं, तो फोटोत उतरत नव्हता. पहिली चित्रं त्यांनी फवारणीच्या वहीत काढली. निर्यातीच्या बागेला कोणतं औषध कधी मारलं याची नोंद ठेवावी लागते, त्या वहीचा कागद रेघांचा. ती वही त्यांनी मला दाखवली. एका पानावर सल्फरची फवारणी, लिटरचं माप, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने काढलेलं वेलीचं खोड, सुटलेल्या सालीसकट. पुढच्या पानावर एक घड. कागदाने पाणी धरलेलं नाही, सगळा रंग कडेला जाऊन साचला आहे. चित्र म्हणून ते फसलेलं आहे. पण घडाचा खांदा, म्हणजे देठाजवळ बाजूला फुटणारा तो लहान झुपका, बरोबर जागी आहे.

बाग गेली. बांधाकडच्या काही ओळी तेवढ्या त्यांनी ठेवल्या, विकायच्या नाहीत असं सांगून. ब्रश मात्र सुटला नाही.

स्वतःचं स्वतः शिकलेल्या माणसाबद्दल लिहिताना 'गुरूविना' असा शब्द वापरायचा मोह होतो. नानांच्या बाबतीत तो खोटा ठरेल. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि सुट्टीत मिलिंद मुळीक यांची जलरंगावरची पुस्तकं घेऊन आली. मुळीक स्वतः शिक्षणाने इंजिनिअर, कला महाविद्यालयात न गेलेले. वडील प्रताप मुळीक अमर चित्रकथेचे नामांकित चित्रकार, तीच त्यांची शाळा. त्यांच्या पुस्तकांवर महाराष्ट्रातल्या किती बँकवाल्यांनी, शिक्षकांनी, डॉक्टरांनी जलरंग गिरवला असेल, त्याची मोजदाद होणार नाही. नानांनी पुस्तकातली प्रात्यक्षिकं एकामागून एक उतरवून काढली. नंतर मोबाइलवर परदेशी चित्रकारांचे व्हिडिओ पाहू लागले. ऑस्ट्रेलियाचे जोसेफ झबुक्विच रंगाच्या दाटपणाच्या पायऱ्या सांगतात: चहा, कॉफी, दूध, साय, लोणी. इंग्रजी समजत नसतानाही एवढं नानांना लगेच कळलं. औषधाचं द्रावण करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पाण्याचं प्रमाण हा विषय नवा नव्हता.

द्राक्ष बागायतदारांच्या सहलीबरोबर ते म्हैसूरला गेले, तेव्हा जगनमोहन पॅलेसमध्ये सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' त्यांनी पाहिलं. हातात समई घेतलेली तरुणी, ज्योतीवर आडोशाला धरलेला तळवा, बोटांच्या फटीतून झिरपणारा लालसर उजेड. सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांनी हे चित्र १९४५-४६ च्या सुमारास काढलं, आणि तेही जलरंगात; बरेच लोक अजूनही ते रविवर्म्याचं समजतात. बाकीचे बागायतदार राजवाडा बघून बसमध्ये जाऊन बसले तरी नाना त्या चित्रापुढून हलले नव्हते. त्यांना बोटांमध्ये द्राक्षाचा मणी दिसला. सूर्य मागे असताना पिकत आलेला मणी असाच कडेने पेटतो आणि मध्ये गडद राहतो. उजेड वरून लावायचा नसतो, आतून येऊ द्यायचा असतो. त्यासाठी पहिला हात अतिशय पातळ आणि स्वच्छ लागतो, आणि तो पूर्ण सुकेपर्यंत थांबावं लागतं. ही गोष्ट पुस्तकात वाचलेली होती, पण ती पटली त्या तळव्यापाशी.

नाशिकला जलरंगाची मोठी परंपरा आहे. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी गोदाघाट, पंचवटी, जुने वाडे, रामकुंडावरची गर्दी यांवर आयुष्य वेचलं. आजही रविवारी सकाळी घाटावर बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली मुलं दिसतात. तरीही शहराबाहेर पसरलेली द्राक्षबाग या परंपरेत फार थोडी आली. याचं कारण मला नानांच्या बागेत उभं राहिल्यावर उमगलं. खायच्या द्राक्षाची जुनी बाग मांडवाची. डोक्याच्या थोडं वर तारांचं जाळं, त्यावर पसरलेला वेल, खाली लोंबणारे घड. बाहेरून बघावं तर एक सपाट हिरवं छप्पर. आत शिरावं तर क्षितिज नाही, आकाश नाही, अर्धवट अंधार आणि जमिनीवर उन्हाचे कवडसे. निसर्गचित्र काढणाऱ्याला जे जे लागतं ते सगळं मांडवाने झाकलेलं असतं.

वाइनच्या बागेने हे दृश्य बदललं. तिथे वेल उभ्या तारांवर चढवलेला असतो, पानांची भिंत सरळ उभी, दोन ओळींमध्ये ट्रॅक्टर जाईल एवढी वाट. ओळी बहुधा दक्षिणोत्तर, म्हणजे दोन्ही बाजूंना ऊन मिळतं. चित्रकाराच्या दृष्टीने ही मोठीच सोय. सकाळी भिंतीची एक बाजू उजळलेली, दुसरी निळ्या सावलीत, संध्याकाळी उलट. ओळी दूर जाऊन एका बिंदूपाशी मिळतात आणि नजर सरळ रामशेज किल्ल्याच्या कड्यावर जाऊन थांबते. शाळेत शिकलेलं परस्पेक्टिव्ह आपल्या शेतात उभं राहील असं वाटलं नव्हतं, असं नाना म्हणाले.

तरीही वाइनच्या बागेचं चित्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे इटलीच येते. टेकडीवर सुरूची रांग, लाल कौलांचं घर, उतरणीवर हिरवे पट्टे. नाशिकच्या आसपासची हॉटेलं आणि रिसॉर्ट यांच्या भिंतींवर अशी छापील टस्कनी मी भरपूर पाहिली. नानांनाही तशीच चित्रं काढून द्या म्हणणारे भेटतात. त्यांनी सुरुवातीला एक-दोन काढलीही, आणि मग थांबले. त्यांचं कारण साधं आहे: त्या चित्रात महिना कोणता ते कळत नाही.

हा महिन्याचा मुद्दा त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षातून एकदा छाटला जातो, आणि पीक उन्हाळ्याच्या शेवटी येतं. नाशिकचा वेल झोपत नाही. त्याला दोन छाटण्या: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. त्यामुळे आपल्याकडे डोंगर हिरवेगार असतात तेव्हा बागेत नुसता पाला असतो. आणि बागेत घड भरतात तेव्हा डोंगर वाळलेल्या गवताने पिवळे-तांबूस झालेले असतात. हिरवा डोंगर आणि पिकलेला घड एकाच चित्रात आले तर ते चित्र नाशिकचं नाही. गंमत अशी की कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यातही काढणीच्या वेळी डोंगर सोनेरीच असतात, कारण तिथला पाऊस हिवाळ्यातला. म्हणजे रंगांच्या हिशोबाने आपण टस्कनीपेक्षा नापाला जवळचे. पण नोव्हेंबरात नापाची पानं लाल-पिवळी होऊन गळतात, आणि आपल्याकडे त्याच महिन्यात वेल नव्या पोपटी फुटीने भरलेला असतो. हे तपशील चुकवून काढलेलं चित्र कितीही देखणं असलं तरी इथल्या शेतकऱ्याच्या लेखी ते कॅलेंडर.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी त्यांना काम करताना पाहिलं. बांधाकडच्या त्या राखून ठेवलेल्या ओळींपाशी त्यांनी क्रेट उलटा ठेवला होता, हीच बैठक. फेब्रुवारीत इथली हवा इतकी कोरडी की वॉश बघता बघता सुकतो. म्हणून कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या पाटीवर चिकटवलेला. कागद सुती, तीनशे जीएसएमचा, फुल शीटचा पाव भाग. तो महाग पडतो, पण बाकी कुठल्याही कागदावर त्यांनी आता काम सोडलं आहे. डबीत सात-आठच रंग. सॅप ग्रीन नाही, हुकर्स ग्रीन नाही, एकही तयार हिरवा नाही.

आधी आकाश. पिवळ्या ऑकरचा जवळजवळ पाणीच म्हणावा असा हात खालून, कोबाल्ट वरून, दोन्ही मध्ये आपोआप मिसळू दिले. ते ओलं असतानाच डोंगर: अल्ट्रामरीन, त्यात किंचित बर्न्ट सिएना. या दोन रंगांतून जो करडा तयार होतो, तो आपल्या काळ्या बेसॉल्टच्या कड्याला नेमका लागू पडतो, कारण अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि दगडाचा खडबडीतपणा न काढता निघतो. कड्याच्या पायथ्याला गवताचा तांबूस पट्टा. मग ते उठले, ओळींमध्ये चालत गेले, परत आले. कागद सुकायची वाट बघण्याची त्यांची ही रीत.

पानांच्या भिंतीसाठी त्यांनी तीन हिरवे केले. ज्यातून पलीकडचं ऊन झिरपतं ते पान लेमन यलोकडे झुकणारं. आकाशाचा उजेड ज्याच्या पाठीवर पडलाय ते निळसर, राखाडी. आणि सावलीतलं पान, ज्यात बर्न्ट सिएना इतका की डबीत बघितलं तर तपकिरीच वाटावं. मला उगाच वाटलं होतं की हिरव्या बागेला हिरवा रंग पुष्कळ लागत असेल.

या हिरव्यांत ते एक चौथी छटा घालतात आणि ती फक्त शेतकऱ्यालाच ओळखू येते. पावसाळी हवेत डाऊनी हा बुरशीचा रोग रोखायला बोर्डो मिश्रण मारतात, मोरचूद आणि चुना. ते वाळलं की पानावर फिकट निळा-पांढरा डाग राहतो. हे मिश्रण मुळात वाइनच्याच मुलखातलं. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या मेदॉक भागात, वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना फासत असत. मिलार्दे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींना रोग नाही, आणि १८८५ मध्ये त्याने ते जगापुढे मांडलं. नाना कोबाल्टचा पातळ हात घेऊन काही पानांवर तो डाग सोडतात. बाहेरच्या माणसाला ती आकाशाची झळाळी वाटते. गावातले लोक विचारतात, "बोर्डो किती टक्क्याचं मारलं?"

मग घड. मी याची वाट बघत होते, कारण द्राक्षाचं चित्र म्हणजे गोल गोल मणी, अशी आपली शाळेपासूनची समजूत. त्यांनी एकही गोल काढला नाही. संपूर्ण घडाचा एकच आकार फिकट निळसर रंगाने भरला, कडा काही ठिकाणी तीक्ष्ण, काही ठिकाणी पानांच्या सावलीत विरघळलेल्या. ही निळाई म्हणजे मण्यावरचा मेणाचा थर. तो हात खडखडीत सुकल्यावर गडद जांभळा, साईइतका दाट, आणि तो मण्यांच्या मधल्या फटींत. जिथे जांभळा थांबला तिथे आपोआप मणी उभे राहिले. दोन-तीन मण्यांना चंद्रकोरीएवढा कोरा कागद राखलेला. शेवटी, अजून पाणी न उतरलेले दोन हिरवट-गुलाबी मणी घडाच्या टोकाला. मण्यात पाणी उतरतं, म्हणजे तो पिकू लागतो, तेव्हा सगळा घड एकदम रंग धरत नाही, काही मणी मागे राहतात. ते दोन मणी नसते तर चित्र देखणं झालं असतं, पण महिना चुकला असता.

तो जांभळा कोणता, हे त्यांना एका धड्याने शिकवलं. आधी ते अलिझारिन क्रिमसन आणि अल्ट्रामरीन मिसळत. एका ठिकाणी काचेच्या मोठ्या भिंतीसमोर लावलेलं त्यांचं चित्र काही वर्षांनी बघितलं तर घड निळेभोर झालेले. अलिझारिन उन्हात उडतं, अल्ट्रामरीन टिकतं. त्यांनी ते चित्र परत मागून घेतलं, दुसरं करून दिलं, आणि तेव्हापासून लालासाठी क्विनाक्रिडोन वापरतात, जे टिकाऊ आहे. आता ट्यूब घेताना ते नाव वाचत नाहीत, मागे बारीक अक्षरांत छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक वाचतात. औषधाच्या बाटलीवरही ते ब्रँड न बघता आतला घटक बघतात, ती सवय इथे कामाला आली.

पर्यटकांपैकी कुणीतरी सुचवलं होतं की वाइननेच वाइनच्या बागेचं चित्र काढा, लोकांना आवडेल. नानांनी कागदाच्या तुकड्यावर करून पाहिलं. वाइनचा लाल रंग हवेने हळूहळू तपकिरी होतो. तो तुकडा अजून भिंतीला आहे, वाळलेल्या चहाच्या रंगाचा. चित्र घेणाऱ्याला आपण टिकणारी वस्तू देणं लागतो, एवढंच त्यांनी सांगितलं. मला या माणसाबद्दल जो आदर वाटतो त्याचं मूळ अशा जागी आहे.

विक्री होते, पण कोणत्या चित्रांची होते हे पाहण्यासारखं आहे. 'सुला'ने २००५ मध्ये आपल्या बागेत पर्यटकांसाठी टेस्टिंग रूम उघडली. त्यानंतर इगतपुरीपासून दिंडोरीपर्यंत वाइन पर्यटन वाढलं आणि मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी येऊ लागली. त्यांना ओळींचं परस्पेक्टिव्ह, मागे धरणाचं पाणी, संध्याकाळचं ऊन असलेली चित्रं आवडतात. ती जातात. लोखंडी अँगल, ठिबकची काळी नळी, ब्लोअर ओढणारा ट्रॅक्टर असलेली चित्रं मागे राहतात. एका गिऱ्हाइकाने नळी पुसून द्यायला सांगितलं, नानांनी चित्रच दिलं नाही. नळी नसेल तर वेल जगणार कसा?

माझ्या मते त्यांची सर्वांत चांगली चित्रं ही न विकली गेलेली आहेत. निफाडची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली. पारा चार-पाच अंशांवर आला की मण्यांना तडे जाण्याची भीती असते, मग शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, ठिबक सोडतात. नानांनी निफाडच्या मेहुण्याच्या बागेतली ती पहाट रंगवली आहे. ओल्या कागदावर सोडलेला करडा धूर ओळींमधून वाहतोय, खाली कुठेतरी ज्वाळेचा नारिंगी ठिपका, आणि घोंगडी पांघरलेला माणूस, तोही कमरेपासून खाली धुरात नाहीसा झालेला. जलरंगाचा जो स्वभाव, पाण्याच्या मर्जीने जाण्याचा, तो या विषयाला इतका मानवला आहे की तेलरंगात हे जमलं असतं असं मला वाटत नाही. दुसरं गारपिटीचं. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस झालेल्या गारपिटीने निफाडच्या बागांची दाणादाण उडवली. चित्रात फाटलेली पानं आहेत, जमिनीवर पाचोळा आणि पांढऱ्या गारांचे ढीग, आणि ते पांढरं म्हणजे राखलेला कोरा कागद. शाळेच्या हॉलमध्ये या चित्रासमोर कुणी दिवस मोजले नाहीत. बायका थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि पुढे जायच्या.

माणसं काढताना नाना अजून चाचरतात. शरीराचा अभ्यास झालेला नाही, हे ते स्वतःच सांगतात. कला महाविद्यालयात मॉडेलसमोर बसून जी वर्षं जातात, त्यांची भरपाई व्हिडिओंनी होत नाही. शिक्षण नसल्याची ही किंमत खरी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. काढणीच्या चित्रांतल्या बायका बहुतेक पाठमोऱ्या असतात.

त्यातल्याच एका चित्रावर सर्वांत मोलाची टीका झाली ती पेठ तालुक्यातून दरवर्षी टोळीबरोबर कामाला येणाऱ्या एका बाईंकडून. चित्रात शेजाऱ्याच्या वाइनच्या बागेतली पहाटेची काढणी होती. बाईंनी बघितलं आणि सांगून टाकलं, "नाना, हात चुकला." चित्रातल्या बाईने घड देठाला धरून अलगद कापला होता. तशी काढणी खायच्या, निर्यातीच्या मालाची. तिथे मण्याला बोट लागलं तर वरचा थर पुसला जातो आणि माल मागे पडतो. वाइनच्या मालाला एवढं जपत नाहीत. तिथे डावा तळवा घडाखाली, उजव्या हाताने कात्री, आणि घड सरळ क्रेटमध्ये. हाताचा वेगच वेगळा. नाना जन्मभर द्राक्षात वाढलेले, तरी हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण काढणीच्या वेळी मालक वजनकाट्यापाशी असतो.

त्यांनी ते चित्र बाजूला ठेवलं. पुढच्या हंगामात त्या बाईंना दिवसाचा पूर्ण रोज देऊन बांधावर बसवलं आणि नुसते हात काढले: तळवा, कात्री, मनगटावर सरकलेल्या बांगड्या, रसाने काळी पडलेली नखं. त्या अभ्यासाचे कागद त्यांच्या खोलीत भिंतभर लावलेले आहेत. पहिल्या ओळीतले हात लाकडी आहेत. खालच्या ओळीत ते कापू लागले आहेत.

बाईंनी ते पाहिले, ठीक म्हणाल्या, आणि मग विचारलं की आमचे हातच का, टोळी कुठंय? टोळीत अकरा जणी आहेत. पाव शीटवर त्या मावणार नाहीत, असं नानांनी त्यांना सांगितलं, आणि नाशिकच्या दुकानदाराला फोन करून बावीस बाय तीस इंचांचं अख्खं शीट मागवलं.